स्वतःचा व्हेक्टर क्लास आणि न थांबणारं रिकर्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याला नौपाड्यात शनिवार-रविवारी आम्ही प्रोग्रामिंगचं प्रॅक्टिकल घेतो. येणारी मुलं बरीचशी ऐरोली ते नेरूळ पट्ट्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली, काही महापे-घणसोलीत नुकती नोकरीला लागलेली. मिनी प्रोजेक्टचे दिवस आले की ट्रान्स-हार्बरच्या लोकलमधून व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनचे तिरके फोटो यायला लागतात, आणि त्यातले निम्मे याच विषयाचे असतात: एक्स, वाय असे आकडे एकत्र धरणारा स्वतः लिहिलेला व्हेक्टर क्लास, आणि त्यातलं रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं सी प्लस प्लस आणि पायथनची आहेत, सी शार्पचं एक. पायथनमधल्या अ‍ॅड, आर-अ‍ॅड, रेप्र वगैरे खास मेथडच्या नावांना पुढे-मागे दोन-दोन अंडरस्कोर असतात, ते धरून चाला.

१. सर, इन्फिनिट रिकर्शन म्हणजे इन्फिनिट लूपच ना? मग एकात प्रोग्राम अडकतो आणि दुसऱ्यात क्रॅश का होतो?

लूप कितीही फिरला तरी त्याच जागेत फिरतो. फंक्शनचा प्रत्येक कॉल मात्र स्टॅकवर (चालू कॉलचा हिशेब ठेवणारी मेमरी) स्वतःची नवीन फ्रेम टाकतो आणि परत आल्यावरच ती उचलतो. कोणीच परत येत नसेल तर स्टॅक भरतो. लिनक्सवर तो साधारण ८ एमबी असतो, विंडोजवर मुख्य थ्रेडला १ एमबी, त्यामुळे सेकंदाच्या आतच खेळ संपतो. पायथन तेवढीही वाट पाहत नाही. १००० कॉलची मर्यादा ओलांडली की तो रिकर्शन एरर देतो. (क्रॅश न होता अडकूनच राहत असेल तर प्रश्न १३.)

२. मी कुठेही फंक्शनमधून तेच फंक्शन बोलावलेलं नाही. रिकर्शन आलं कुठून?

बोलावलं आहे, फक्त नावाने नाही. क्लासमध्ये `+` ओव्हरलोड केलात, म्हणजे त्याने काय करायचं ते स्वतः लिहिलंत, की त्या क्लासच्या ऑब्जेक्टपुढचं प्रत्येक `+` हा फंक्शन कॉल असतो. `==`, `[]`, `=`, `<<` यांचंही तसंच. पायथनमध्ये तर टिंबानंतर मेंबरचं नाव लिहिणंसुद्धा कॉल ठरू शकतं. शंभर ओळींचा क्लास वाचताना डोळा कंस असलेले कॉल शोधतो, आणि चिन्हं गणितातलीच समजून पुढे सरकतो.

म्हणून आम्ही वर्गात ऑपरेटरांचे दोन गट पाडतो. जो थेट एक्स, वाय या आकड्यांवर काम करतो तो स्वतःच्या पायावर उभा. जो आपलं काम दुसऱ्या ऑपरेटरकडून करून घेतो तो उसना. उसनं घ्यायला हरकत नाही, उलट चांगला क्लास बराचसा उसन्या ऑपरेटरांचाच असतो. पण प्रत्येक उसनवारी शेवटी आकड्यांपर्यंत पोचली पाहिजे. कागदावर सगळे ऑपरेटर लिहा आणि कोण कोणाला बोलावतो ते बाणांनी दाखवा. बाण फिरून सुरुवातीला आला की बग सापडला. खालची बहुतेक उत्तरं या एकाच कागदाची आहेत.

३. एरर आली की पहिलं काय बघायचं? ट्रेसबॅक (कोणत्या कॉलमधून कोणता कॉल झाला याची यादी) इतका लांब येतो की वरचं काही दिसतच नाही.

शेवटची ओळ सोडून द्या. सगळे तिथेच बघतात आणि तिथेच फसतात. मर्यादा नेमकी कुठल्या कॉलला संपली हे शेवटची ओळ सांगते, आणि तो कॉल बऱ्याचदा निर्दोष असतो. पायथनमध्ये तिथे एखादा टाइप तपासणारा कॉल दिसतो, सी प्लस प्लसमध्ये फंक्शनची सुरुवात किंवा मेमरी मागणारा लायब्ररीचा कोड. मग मुलं त्या बिचाऱ्या ओळीशी तासभर झटापट करतात.

तुम्हाला हवं ते वरच्या टोकाला आहे. पायथनचा ट्रेसबॅक जुन्या कॉलपासून सुरू होतो, म्हणून आउटपुट फाइलमध्ये वळवा आणि पहिल्या दहा-पंधरा ओळी वाचा. एकच ओळ स्वतःला बोलावत असेल तर पायथन ३.६ पासून तो ती घडी घालून "मागची ओळ आणखी इतक्या वेळा" असं दाखवतो. दोन मेथड आलटून-पालटून एकमेकींना बोलावत असतील तर घडी पडत नाही, सगळी माळ धो-धो वाहत येते. म्हणजे घडी न पडलेला लांबलचक ट्रेसबॅक दिसला की चक्रात एकाहून जास्त मेथड आहेत हे कोड न उघडताच कळतं.

सी प्लस प्लसमध्ये फक्त "सेगमेंटेशन फॉल्ट" एवढंच येतं. प्रोग्राम डीबग माहितीसकट कंपाइल करून जीडीबी या डीबगरमध्ये चालवा आणि क्रॅशनंतर बॅकट्रेस मागा. नुसता बॅकट्रेस हजारो फ्रेम ओतेल. कमांडपुढे १० लिहिलं तर आतल्या दहा फ्रेम दिसतात, उणे १० लिहिलं तर बाहेरच्या दहा. दोन्ही घ्या. आतल्या दहांत चक्राचा आकार दिसतो, बाहेरच्या दहांत चक्रात शिरल्याची जागा. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून चालवलंत तर मोघम फॉल्टऐवजी स्टॅक ओव्हरफ्लो असं स्पष्ट नाव मिळतं.

४. अधिक (+) आणि अधिक-बरोबर (+=) दोन्ही वेगवेगळे वाचले तर बरोबर आहेत. एकत्र ठेवले की क्रॅश. का?

कारण दोघेही उसने आहेत. `+=` मध्ये तुम्ही लिहिलंय: स्वतः = स्वतः + दुसरा. आणि `+` मध्ये: प्रत काढा, प्रतीवर `+=` चालवा, प्रत परत द्या. बेरीज कोणी करतच नाही, दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

सी प्लस प्लसमधला रिवाज असा: `+=` स्वतःच्या पायावर (एक्समध्ये एक्स, वायमध्ये वाय मिळवा आणि स्वतःचा रेफरन्स परत द्या), आणि `+` त्याच्यावर उसना. उलट केलं तरी रिकर्शन होणार नाही, पण `+=` साठी उगाच एक तात्पुरता ऑब्जेक्ट तयार होईल. पायथनमध्ये तर आय-अ‍ॅड लिहायची सक्तीच नाही. ती नसली तर `+=` आपोआप अ‍ॅड वापरतो. छोट्या व्हेक्टरला ती लिहूच नका.

५. वजाबाकी आणि ऋण चिन्ह यात काय गडबड आहे? गणितात तर हे बरोबरच आहे.

गणितात बरोबरच आहे, आणि म्हणूनच हा बग सर्वांत उशिरा सापडतो. अ − ब म्हणजे अ + (−ब), खरं. −अ म्हणजे शून्य − अ, हेही खरं. दोन्ही तशीच्या तशी कोडमध्ये उतरवली की वजाबाकी ऋण चिन्हाला बोलावते आणि ऋण चिन्ह वजाबाकीला. गणितातलं समीकरण दोन्ही बाजूंनी वाचता येतं, कोडला मात्र दिशा असते. एक दिशा निवडा: ऋण चिन्हाने थेट एक्स आणि वायची चिन्हं बदलावीत, वजाबाकीने खुशाल त्याच्याकडून उसनं घ्यावं.

याच जातीचे भाऊबंद: "लांबी म्हणजे स्वतःशी डॉट गुणाकाराचं वर्गमूळ" आणि "डॉट गुणाकार म्हणजे लांबी गुणिले लांबी गुणिले कोसाइन". किंवा "एकक व्हेक्टर म्हणजे व्हेक्टर भागिले लांबी" आणि लांबी काढायला पुन्हा एकक व्हेक्टर. पाठ्यपुस्तकातली सूत्रं ओळीने टाइप करत गेलं की हेच होतं.

६. व्हेक्टर गुणिले दोन चालतं, दोन गुणिले व्हेक्टर केलं की मरतं.

उलट्या क्रमाच्या फंक्शनमध्ये तुम्ही क्रम उलटा करायला विसरलात. सी प्लस प्लसमध्ये (आकडा, व्हेक्टर) घेणाऱ्या `*` च्या आत `क * व` लिहिलं तर ते स्वतःलाच बोलावतं, `व * क` हवं. पायथनमध्ये आर-मलच्या (व्हेक्टर उजवीकडे असताना चालणारी गुणाकाराची मेथड) आत `क * स्वतः` लिहिलं की पायथन आधी आकड्याला विचारतो, आकडा म्हणतो मला जमत नाही, मग पायथन परत आर-मलकडे येतो. `स्वतः * क` लिहा.

पायथनमधला जास्त चिवट प्रकार असा की मलच्या शेवटच्या एल्समध्ये लोक "बाकी काही असेल तर उलटं करून बघू" म्हणून `दुसरा * स्वतः` लिहितात. दोन्ही बाजूंना व्हेक्टर आले की दोघे एकमेकांना उलटवत बसतात. तिथे काहीही हुशारी न करता नॉट-इम्प्लिमेंटेड ही किंमत परत द्या. दुसऱ्या बाजूला विचारायचं काम पायथनचं आहे, आणि दोघांनाही जमलं नाही तर तो स्वच्छ टाइप एरर देतो. ही किंमत आणि नॉट-इम्प्लिमेंटेड-एरर ही वेगळी चीज आहे. पहिली रिटर्न करायची असते, दुसरी रेझ. रेझ केलीत तर पायथन दुसऱ्या बाजूला विचारणारच नाही.

७. दोन-दोन व्हेक्टरांची बेरीज बरोबर येते, पण यादी समला (पायथनचं बेरीज करणारं फंक्शन) दिली की रिकर्शन एरर. यादीत तर सगळे व्हेक्टरच आहेत!

समची सुरुवात शून्यापासून होते. पहिली बेरीज शून्य अधिक पहिला व्हेक्टर अशी असते, आणि त्यासाठी आर-अ‍ॅड लागते. तुमची आर-अ‍ॅड काम अ‍ॅडकडे देते, अ‍ॅडला आकडा बघून काय करावं कळत नाही म्हणून ती "उलटं करून बघते" (प्रश्न ६ मधलीच सवय), की पुन्हा आर-अ‍ॅड. समला सुरुवातीची किंमत म्हणून शून्य व्हेक्टर द्या, किंवा आर-अ‍ॅडमध्ये शून्य आलं तर स्वतःलाच परत करा. मला पहिला उपाय आवडतो. "शून्य अधिक व्हेक्टर" चालतं आणि "पाच अधिक व्हेक्टर" चालत नाही, हा अपवाद क्लासमध्ये कशाला ठेवायचा?

तपासायला एक उदाहरण आम्ही हल्ली देतो. ठाणे ते वाशी प्रत्येक दोन स्टेशनांमधलं विस्थापन एकेक व्हेक्टर धरा आणि सगळ्यांची बेरीज करा. मग ठाणे-ऐरोली हा व्हेक्टर काढून ठाणे-दिघा गाव आणि दिघा गाव-ऐरोली असे दोन टाका, कारण जानेवारी २०२४ पासून मध्ये ते स्टेशन आहे. बेरीज होती तीच आली पाहिजे. फ्लोट असल्याने शेवटच्या दशांशात फरक दिसेल, म्हणून `==` ने न तपासता जवळपास समान आहे का ते बघा.

८. बरोबर-बरोबर (==) मध्ये मी फक्त नल तपासतोय. तिथेही स्टॅक ओव्हरफ्लो?

हा प्रश्न बहुतांशी युनिटीत गेम करणाऱ्यांकडून येतो. सी शार्पमध्ये स्वतःच्या क्लासच्या `==` च्या आत पहिलीच ओळ "अ == नल असेल तर" अशी लिहिली, तर ते `==` तुमचंच आहे. ते परत नल तपासायला स्वतःला बोलावतं. "अ इज नल" लिहा किंवा रेफरन्स-ईक्वल्स वापरा, ते ओव्हरलोडकडे जात नाहीत. आणि ट्राय-कॅच लावून हा एक्सेप्शन पकडायचा प्रयत्न करू नका, डॉट नेट २.० पासून स्टॅक ओव्हरफ्लो पकडता येत नाही, प्रोसेस सरळ बंद पडते.

पायथनमध्येही नन तपासायला `==` नको, "इज" वापरा. सी प्लस प्लसमध्ये वेगळं रूप दिसतं: दोन्ही एकच ऑब्जेक्ट असतील तर लवकर सुटू म्हणून `==` च्या आत स्वतःची आणि दुसऱ्याची तुलना `==` नेच करणं. तिथे पत्त्यांची तुलना हवी.

उरला `!=`. `==` ला "नाही `!=`" आणि `!=` ला "नाही `==`" असं लिहिलेलं मी पाहिलंय. पायथन ३ आणि सी प्लस प्लस २० दोन्ही `==` वरून `!=` स्वतः काढतात, ते लिहूच नका.

९. नुसतं प्रिंट केलं तरी क्रॅश होतो. बेरीज वगैरे काहीच नाही.

सी प्लस प्लसमध्ये `<<` च्या आत व्ही-डॉट-एक्स लिहायच्या ऐवजी नुसतं व्ही लिहिलं गेलंय. नव्वद टक्के वेळा एवढंच असतं म्हणायचा मोह होतो, पण टक्केवारी कोणी मोजलेली नाही.

दुसरं कारण जरा आडवळणाचं आहे. व्हेक्टरचा मेंबर स्वतः एखादा छोटा क्लास आहे, त्याला `<<` नाही, पण त्याच्यापासून व्हेक्टर बनवणारा एका आर्ग्युमेंटचा कन्स्ट्रक्टर तुमच्याकडे आहे. कंपायलर गुपचूप मेंबरचा व्हेक्टर करतो आणि तुमचंच `<<` परत बोलावतो. अशा कन्स्ट्रक्टरला एक्स्प्लिसिट लावा, म्हणजे हे गुपचूप रूपांतर होत नाही.

पायथनमध्ये रेप्रच्या (ऑब्जेक्ट छापण्याजोगा करून देणारी मेथड) आत एसटीआरने स्वतःला स्ट्रिंग करून घेतलं आणि एसटीआर मेथड लिहिलीच नाही, तर मूळची एसटीआर रेप्रलाच बोलावते. रेप्र लिहा, एसटीआर सोडून द्या, पायथन रेप्रच वापरेल.

१०. चौकटी कंसाचे दोन ओव्हरलोड आहेत, एक कॉन्स्ट आणि एक साधा. कोड दोनदा लिहायचा नाही म्हणून साध्यातून कॉन्स्ट बोलावला, तर तो स्वतःलाच बोलावतो.

कॉन्स्टवाला निवडला जायला ऑब्जेक्ट कॉन्स्ट दिसला पाहिजे. साध्या मेथडच्या आत तो कॉन्स्ट नसतो, त्यामुळे कंपायलर साधाच ओव्हरलोड निवडतो, म्हणजे तीच मेथड. आधी स्वतःला कॉन्स्ट रेफरन्समध्ये स्टॅटिक-कास्ट करा, मग `[]` लावा, आणि परत आलेल्या रेफरन्सवरचं कॉन्स्ट काढा. दोन मेंबरांच्या व्हेक्टरसाठी ही कसरत मला पटत नाही. एक ओळ दोनदा लिहिली तर आकाश कोसळत नाही.

११. असाइनमेंट आणि कॉपी कन्स्ट्रक्टर लिहिले, आता ऑब्जेक्ट दुसऱ्या फंक्शनला दिला तरी क्रॅश.

यात दोन सापळे आहेत.

पहिला: कॉपी कन्स्ट्रक्टरमध्ये "स्वतः = दुसरा" लिहून काम `=` वर ढकललं, आणि `=` ने आर्ग्युमेंट रेफरन्सने न घेता व्हॅल्यूने घेतलं. व्हॅल्यूने घ्यायचं म्हणजे प्रत काढायची, प्रत काढायची म्हणजे कॉपी कन्स्ट्रक्टर, आणि तो पुन्हा `=` कडे. फंक्शनच्या आतली एकही ओळ चालायच्या आधीच चक्र सुरू झालेलं असतं, त्यामुळे `=` मध्ये टाकलेला ब्रेकपॉइंट कधीच लागत नाही. मुलं म्हणतात "सर, डीबगरच बिघडलाय". कॉपी कन्स्ट्रक्टरनेच व्हॅल्यूने घेतलं असतं तर कंपायलरने तिथेच अडवलं असतं. `=` ला तशी मुभा आहे.

दुसरा: कॉपी-अँड-स्वॅप (आधी प्रत काढायची, मग तिच्याशी अदलाबदल) अर्धवट ऐकलेलं असतं. `=` च्या आत स्टँडर्ड लायब्ररीच्या स्वॅपला अख्खे दोन ऑब्जेक्ट दिले. ते स्वॅप आपलं काम `=` वापरूनच करतं. स्वॅप `=` ला, `=` स्वॅपला. अख्खे ऑब्जेक्ट न देता मेंबर एकेक करून स्वॅप करा: पॉइंटरशी पॉइंटर, आकाराशी आकार.

पण आधी स्वतःला विचारा की हे लिहायची गरज आहे का. एक्स-वाय-झेड असे तीन डबल असलेल्या क्लासला कॉपी कन्स्ट्रक्टर, `=`, डिस्ट्रक्टर यातलं काहीही लिहावं लागत नाही, कंपायलरचं पुरतं. बदलत्या लांबीचा व्हेक्टर असेल तर आत लायब्ररीचा व्हेक्टर ठेवा, तरीही काही लिहावं लागत नाही. मेमरी हाताने मागायची सक्ती कॉलेजच्या असाइनमेंटमध्ये असेल तेवढीच.

१२. पायथनमध्ये व्हेक्टर बदलता येऊ नये म्हणून सेट-अ‍ॅट्र लिहिलं, आणि एक्स नसेल तर सांगायला गेट-अ‍ॅट्र. आता ऑब्जेक्ट तयारच होत नाही.

सेट-अ‍ॅट्रच्या आत सेल्फ-डॉट-एक्सला किंमत दिली की ती देण्यासाठी पुन्हा सेट-अ‍ॅट्र. सुपरचं सेट-अ‍ॅट्र वापरून किंमत ठेवा. प्रॉपर्टीचंही असंच: एक्स नावाच्या प्रॉपर्टीने सेल्फ-डॉट-एक्स परत केलं तर ती स्वतःलाच वाचते, आतल्या मेंबरला अंडरस्कोरचं वेगळं नाव द्या.

गेट-अ‍ॅट्र नेहमीच्या शोधात नाव न सापडल्यावरच येते, म्हणून ती दिवसेंदिवस सुखाने चालते आणि एके दिवशी कॉपी मॉड्यूल वापरलं की कोसळते. कॉपी करताना पायथन नवीन ऑब्जेक्ट इनिट न चालवताच बनवतो आणि मेंबर भरायच्या आधी त्याला सेट-स्टेट आहे का विचारतो. ती नाही म्हणून गेट-अ‍ॅट्र, तिच्या आत तुम्ही सेल्फ-डॉट-अंडरस्कोर-डेटा वाचता, तो अजून भरलेला नाही म्हणून पुन्हा गेट-अ‍ॅट्र. उपाय एका ओळीचा: मागितलेलं नाव अंडरस्कोरने सुरू होत असेल तर लगेच अ‍ॅट्रिब्यूट एरर रेझ करा.

१३. डीबग बिल्ड क्रॅश होतो, रिलीज बिल्ड क्रॅश होत नाही पण नुसता अडकतो. दोन वेगळे बग आहेत का?

एकच आहे. फंक्शनचं शेवटचं काम स्वतःला बोलावणं एवढंच असेल तर ऑप्टिमायझर त्या कॉलच्या जागी उडी टाकू शकतो. मग स्टॅक वाढत नाही, रिकर्शनचा लूप होतो आणि पंखा फिरायला लागतो. शोध डीबग बिल्डमध्येच घ्या.

पायथनमध्ये क्रॅश न होता अडकत असेल तर गेट-आयटम बघा. इटर मेथड नसेल तर फॉर लूप शून्यापासून इंडेक्स एरर येईपर्यंत गेट-आयटमला विचारत राहतो. तुम्ही मॉड्युलोने इंडेक्स गोल फिरवला असेल तर ती एरर कधीच येत नाही. हे रिकर्शन नाही, पण इनबॉक्समध्ये त्याच नावाने येतं.

१४. कंपायलर आधीच सांगू शकत नाही का?

थोडंफार सांगतो, आपण वॉर्निंग बंद ठेवतो. क्लँगमध्ये यासाठी वॉर्निंग आहे, जीसीसीत १२ व्या आवृत्तीपासून आली, आणि "सगळ्या वॉर्निंग" चा फ्लॅग लावला की दोन्हीकडे चालू होते. व्हिज्युअल स्टुडिओही सांगतो. मात्र प्रत्येक वाट स्वतःकडेच वळत असेल तेव्हाच. एखाद्या इफमधून सुटका शक्य दिसली की कंपायलर गप्प बसतो. दोन फंक्शनांमधलं चक्र जीसीसीला दिसायला ऑप्टिमायझेशन चालू लागतं. म्हणजे प्रश्न ६ आणि ९ मधले सरळ प्रकार पकडले जातील, प्रश्न ४ आणि ५ च्या बाबतीत कागद-पेन्सिलच जास्त भरवशाची.

१५. रिकर्शन लिमिट वाढवून चालेल का?

नाही. न संपणारं १० लाखांनीही संपत नाही, आणि मर्यादा फार वाढवली तर नीट एररऐवजी इंटरप्रीटरच कोसळू शकतो. उलट शोधताना ती शंभर-दीडशेवर आणा. ट्रेसबॅक वाचण्याजोगा होतो.

१६. प्रोग्राम नीट चालतो, फक्त डीबगरमध्ये थांबवलं की रिकर्शन एरर दिसते.

डीबगरची व्हेरिएबलची खिडकी किंमत दाखवायला रेप्र बोलावते. इनिटच्या मध्यावर थांबलात तर मेंबर अजून अर्धेच भरलेले असतात, रेप्र न भरलेला मेंबर मागते, आणि क्लासमध्ये गेट-अ‍ॅट्र असेल तर प्रश्न १२ मधलं चक्र सुरू होतं. गेट-अ‍ॅट्रमध्ये टाकलेला प्रिंटही हेच करतो. सेल्फ छापू नका, फक्त मागितलेलं नाव छापा.

१७. सी प्लस प्लस १७ मध्ये वर्षभर चाललेला कोड कंपनीने २० वर नेला आणि == मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो. एक अक्षरही बदललेलं नाही.

बदल भाषेत झाला आहे. व्हेक्टरला `==` ची मेंबर मेथड आहे, ती दुसरा व्हेक्टर घेते, आणि डबलपासून व्हेक्टर बनवणारा साधा कन्स्ट्रक्टर आहे. शिवाय बाहेर (डबल, व्हेक्टर) घेणारं एक `==` आहे, ते आत `व == क` असा क्रम उलटून काम मेंबरकडे देतं. १७ मध्ये क चा व्हेक्टर व्हायचा आणि मेंबर मेथड चालायची.

सी प्लस प्लस २० मध्ये कंपायलर `व == क` साठी बाजू उलटलेले उमेदवारही विचारात घेतो. त्यामुळे बाहेरचं (डबल, व्हेक्टर) वालं फंक्शन उलटं धरून `व == क` ला तंतोतंत बसतं, कुठलंही रूपांतर न करता. मेंबरला रूपांतर लागतं, म्हणून तो मागे पडतो, आणि फंक्शन स्वतःलाच बोलावतं.

कन्स्ट्रक्टरला एक्स्प्लिसिट लावून हे सुटत नाही, कारण तंतोतंत बसणारा उमेदवार तिथेच राहतो. बाहेरचं फंक्शन काढून टाका. व्हेक्टरची आकड्याशी तुलना खरंच हवी असेल तर (व्हेक्टर, डबल) असं एकच `==` लिहा आणि ते थेट एक्स-वायवर उभं करा, उलटी बाजू भाषा देते. त्याच कोडबेसमध्ये १७ चे बिल्डही चालू असतील तर दोन्ही क्रम ठेवावे लागतील. तेव्हा दोन्हींनी मेंबर बघणाऱ्या एका नावाच्या साध्या फंक्शनला बोलावावं, एकमेकांना नाही.